बिनगिलाव्याची भिंत

त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंतीशेजारी सोडलं की भिंत उभी आहे की झुकली, ते सांगतं. या गवंडी मिस्त्रीच्या खिशात तो कायम असायचा, आणि खिशात नसला तरी डोळ्यांत असायचाच. कुणाच्या घरी पाणी प्यायला बसला तरी पेला ओठाला लावण्याआधी त्याची नजर दाराच्या चौकटीवरून वरून खाली घसरत जाई. "सूतभर उजवीकडे गेलीय," असं म्हणायचा आणि मग पाणी प्यायचा. त्या घरमालकाला ती चौकट पुढे कधी सुखानं ओलांडता आली नाही.

गिलावा करताना त्याला ज्यांनी पाहिलं, ते अजून त्याबद्दल बोलतात. थापीवर माल घेऊन तो भिंतीवर फेकायचा, आणि गुडघ्यापासून डोक्याच्या वर वीतभर, एका दमात हात फिरवायचा. हात थांबायचा तेव्हा भिंत झालेली असायची. नवी माणसं दुपारपर्यंत खांदे धरून बसत. हा दिवेलागणीपर्यंत तसाच. शिकणाऱ्यांना तो एकच गोष्ट सांगे. "हात नोकर आहे रे, कंबर मालक. नोकराच्या जिवावर घर चालत नाही. कंबरेतून फिर." हाताखाली शिकलेल्या वीस-पंचवीस गवंड्यांनी हे वाक्य पाठ केलं होतं आणि आता ते आपल्या हाताखालच्यांना ऐकवत.

त्याचा माल कालवायची त्याची बायको. तीस वर्षं. वाळू चाळणं, सिमेंट मिसळणं, पाण्याचा अंदाज, घमेलं वर देणं, सगळं तिचं. दुसऱ्या कुणी कालवलेला माल तो थापीवर घेऊन बघे आणि परत घमेल्यात टाकी. काही बोलत नसे. ती समोरून यायची, घमेल्यात ओंजळभर पाणी घालायची, फावड्यानं चार वेळा उलटायची, आणि मग काम चालू व्हायचं.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात एक भिंत बिनगिलाव्याची होती. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत शिरलं की समोरची भिंत, नागड्या विटांची. बायको टोमणा मारायची, "लोकांच्या भिंतींना आरसे, आमच्या भिंतीला खरूज."

"राहू दे. ती शेवटची म्हणून ठेवलीय," तो म्हणायचा. "काम सोडेन त्या दिवशी करीन. सावकाश. कुणाची घाई नसताना."

एकदा तो महिनाभर बाहेरगावी देखरेखीच्या कामाला गेला तेव्हा तिनं त्याच्याच एका शिष्याला बोलावून ती भिंत करून घेतली. काम संपलं त्या दिवशी संध्याकाळी हा अवचित परतला. दारातून थेट भिंतीशी जाऊन ओळंबा सोडला. माल अजून ओला होता. पिशवी खाली न ठेवता त्यानं थापी घेतली आणि वरपासून खालपर्यंत सगळं खरवडून काढलं. "वाकडं असेल तर माल आवळून घट्ट व्हायच्या आत काढायचं," तो म्हणाला. "एकदा आवळलं की ते आयुष्यभर तुमच्याकडे बघत बसतं." दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर घमेलं देताना बोलावंच लागलं.

पडला तो चार फुटांवरून. तीन-तीन मजल्यांच्या परांचीवर ज्याचा पाय कधी डगमगला नाही, तो एका दवाखान्याच्या नव्या खोलीत छताचा कोपरा साधायला लाकडी घोडीवर चढला, आणि घोडीचा एक पाय फरशीवर सांडलेल्या ओल्या मालावरून सरकला. डोकं उंबऱ्याच्या दगडावर आदळलं. बायको बाहेर माल कालवत होती. ती नंतर पुष्कळदा म्हणे, "घमेलं पडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं घमेलंच पडलं. मी लगेच उठलेसुद्धा नाही."

मेंदूत रक्त साकळलं होतं. डोक्याचं हाड उघडून ते काढलं. अकरा दिवस तो कुठेतरी अधांतरी होता. अर्धवट शुद्धीत डाव्या हातानं नाकातली नळी ओढून काढी, म्हणून हात पलंगाच्या दांडीला पट्ट्यांनी बांधून ठेवले होते. बायकोला संध्याकाळी थोडा वेळ आत सोडत. एका संध्याकाळी त्यानं डोळे उघडले, तिला ओळखलं आणि म्हणाला, "सोड."

तिनं नर्सकडे पाहिलं. नर्सनं नकाराची मान हलवली.

"सोड ना गं," तो म्हणाला. तीस वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं; सांगितलं होतं फक्त. तिनं पट्टीवर हात ठेवला आणि वेळ संपेपर्यंत तशीच बसून राहिली. पट्टी सोडली नाही.

घरी आला तेव्हा पाय बऱ्यापैकी सावरला होता, काठी घेऊन चाले. बोलणंही आलं, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसं. उजवा हात मात्र आला नाही. खांद्यापासून लोंबत राही. तो त्याच्याकडे बघायचाही नाही. कुठे बसला तर डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवी, जसं दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिलंय.

रुग्णालयातून व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई येत. लांबून येत, आणि त्यांच्याकडे अशी बरीच घरं होती. सगळे त्यांना हातवाल्या बाई म्हणू लागले. पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं त्यांना विचारलं, "भिंत... होईल का?"

"कुठली भिंत?"

त्यानं डाव्या हातानं समोर दाखवलं.

बाईंनी नागड्या विटा पाहिल्या. "हाताला रोज काम दिलं तर बघू. शेकडो वेळा. डोक्यातली जुनी वाट बुजलीय, नवी पाडायची आहे. आणि सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे. त्यात जे येतं ते येतं."

रोज शेकडो वेळा हात हलवणं म्हणजे कंटाळ्याचं काम, म्हणून त्यांनी एक यंत्र वापरायला दिलं. एक काळा डबा, त्याला एक डोळा. तो टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा. समोर खुर्चीत बसायचं, खुर्चीच्या दोन हातांवर गुळगुळीत फळी आडवी टाकायची, त्यावर उजवा हात ठेवायचा आणि पुढे-मागे, आडवा-तिडवा सरकवायचा. डब्याचा डोळा हात बघतो आणि टीव्हीवर खेळ चालतो. फुगे फोडायचे, पडणारी फळं झेलायची, असे पाच-सहा खेळ. लेक शहरात एका कचेरीत कामाला होती, ती दोन दिवस रजा घेऊन आली आणि तिनं तारा जोडल्या. टीव्ही त्या बिनगिलाव्याच्या भिंतीला लागून, विटेच्या फटीत खिळा मारून टांगला. खेळाचे गुण फोनवरून लेकीला आणि हातवाल्या बाईंना आपोआप जायचे.

जाताना बाईंनी एक रुंद पट्टा दिला. "छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधायचा. पाठ टेकलेलीच राहिली पाहिजे. पट्टा बांधल्याशिवाय खेळ नाही. विसरू नका."

"नाही विसरणार," बायको म्हणाली.

बाईंची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तिनं पट्टा हातात घेतला. पांढरा, जाड, टोकाला चिकटपट्टी. अगदी रुग्णालयातल्या पट्टीसारखा. तिनं तो घडी करून ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवला.

पहिल्या दिवशी फुगा फुटला नाही, फळ झेललं नाही. मिस्त्री म्हणाला, "पोरांचे खेळ." मग लेकीनं फोनवरून सांगितलं, "बाबा, त्यात एक खिडकीचा खेळ आहे बघा."

खिडकीच्या खेळात टीव्हीभर एक काच होती आणि काचेवर वाफ साचलेली. आपला हात फिरेल तिथली वाफ पुसली जाई आणि पलीकडची बाग दिसू लागे. मिस्त्री बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिला. ती वाफ डावीकडे खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत सपाट पसरलेली होती. त्याला काय दिसलं ते सांगायला नको. त्यानं हात फळीवर ठेवला, आणि कंबरेतून फिरला.

काचेवर वीतभर जागा स्वच्छ झाली.

"अगं," त्यानं हाक मारली. "इकडे ये."

ती पीठ भरलेल्या हातांनी आली. तो पुन्हा फिरला. आणखी वीतभर. ती चुलीकडे परत गेली नाही, तिथेच जमिनीवर बसली.

त्या दिवसापासून घरात उजेड आला म्हणा. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पहिल्या आठवड्यात चाळीस गुण, मग नव्वद, मग दोनशे. तो कोपरे आधी पुसायचा, मग मधला भाग, खालून वर, गवंड्याच्या रीतीनं. शेजारी येऊन दारात उभे राहत. एक जण म्हणाला, "मिस्त्री, पुसायच्याच असतील तर माझ्या घरी चार खिडक्या आहेत."

"तुझ्या चौकटी वाकड्या आहेत," मिस्त्री म्हणाला. सलग चार शब्द. दारात उभी असलेली सगळी हसली, आणि बायको आत जाऊन पदरानं डोळे पुसून आली.

लेकीचा रोज फोन यायचा. "बाबा, आज चारशे साठ. तुम्ही तर माझ्या साहेबालासुद्धा हरवाल."

"त्याला... घेऊन ये."

सहाशे झाले तेव्हा त्यानं बायकोला वाळू मागवायला सांगितली. "बारीक," तो म्हणाला. "नदीची." दारासमोर वाळूचा लहानसा ढीग पडला. येता-जाता तो काठीच्या टोकानं वाळू उकरून बघे आणि मान डोलावे.

हातवाल्या बाई दीड महिन्यानं यायच्या होत्या. त्यांचा फोन आला. "मिस्त्री, तुमचे आकडे इतके छान आहेत, की तुमची पाळी मी दुसऱ्या एका घराला देते. तिथे फार अडचण आहे. चालेल ना?" अभिमानानं तो म्हणाला, "द्या."

त्या आल्या तेव्हा साडेतीन महिने उलटले होते. गुण सातशेवर होते. बायकोनं खोली झाडून काढली होती, खुर्ची पुसली होती. मिस्त्री स्वच्छ सदरा घालून बसला आणि खिडकी पुसू लागला. कोपरे, मग मधला भाग. बाग दिसू लागली.

बाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या पाठीकडे बघत होत्या. थोड्या वेळानं उठल्या, त्याच्या मागे गेल्या आणि दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवून हळूच त्याची पाठ खुर्चीला टेकवली. "आता पुसा," त्या म्हणाल्या.

हात हलला नाही.

"पुसा मिस्त्री."

त्याच्या कपाळावर घाम आला. मान ताठ झाली, दात आवळले. बोटं फळीवर इंच-दीड इंच सरकली आणि थांबली. काचेवर एक ओरखडा उमटला. यंत्रानं वेळ संपल्याची शीळ वाजवली आणि आकडा दाखवला. नऊ.

बाईंनी टीव्ही बंद केला. मग बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "हात तुम्ही फिरवतच नव्हता. तुम्ही स्वतः पुढे वाकत होता आणि हात फळीवरून ढकलला जात होता. यंत्राला फक्त हात दिसतो."

"कंबरेतून," मिस्त्री म्हणाला.

"हो. सगळं काम कंबरेनं केलं."

"मालक..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधत राहिला. "नोकर... झोपला." त्याला हसायचं होतं बहुतेक. तोंडाची डावी बाजू तेवढी हलली.

"पट्टा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

 बायको उठली, ट्रंक उघडली, लुगडी बाजूला केली आणि पट्टा आणून ठेवला. पहिल्या दिवशी घातलेली घडी तशीच होती. बाईंनी ती घडी पाहिली आणि बायकोकडे पाहिलं. ती काहीतरी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात मिस्त्री म्हणाला, "मी. मीच सांगितलं... नको म्हणून."

ज्यानं उभ्या आयुष्यात सूतभर वाकडं चालू दिलं नाही, त्यानं ते सांगितलं, आणि बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. पट्टा ट्रंकेत आहे हे त्याला ठाऊक तरी होतं का, हे तिला आजही माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही.

"माझंही चुकलं," बाई म्हणाल्या. "आकडे बघून मी निर्धास्त झाले. यायला हवं होतं."

"किती... गेले?" त्यानं विचारलं.

"आजपासून नीट करू."

"किती गेले बाई?"

बाई त्याच्यासमोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "चांगले महिने बरेचसे गेले. यापुढेही येईल, पण हळू. आणि थोडं."

"भिंत?"

बाई फळीवरच्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि परत मिटली. ओळंब्याला उत्तर कळायला शब्द लागत नव्हते.

त्या संध्याकाळी बायकोनं त्याला सगळं सांगितलं. रुग्णालयातली ती पट्टी, त्याचं ते "सोड", आणि तिनं न सोडणं. "घरी आणल्यावर परत बांधायचं माझ्यानं होईना हो," ती म्हणाली. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं.  डावा हात पुढे करून तो म्हणाला, "आण." पट्टा छातीवर धरून बसला. तिनं मागून बांधला. बांधताना चिकटपट्टी तिच्या हातून दोनदा सुटली.

मग खरं काम सुरू झालं. नऊ. अकरा. नऊ. परत अकरा. महिनाभरानं चौदा. लेक रोज फोन करायची, आता ती आकड्याचं नाव काढत नसे. "जेवलात का बाबा?" एवढंच. शेजारी दारात येईनासे झाले. वाळूच्या ढिगावर मांजर येऊन बसू लागलं.

आठव्या महिन्यात हात फळीवरून उचलला जाऊ लागला, टेबलाच्या उंचीपर्यंत. मूठ वळायची, उघडायची मात्र नाही. बाई म्हणाल्या, यात पेला धरता येईल, सदऱ्याची बाही घालता येईल. आणि पुढं? पुढचं त्यांनी टाळलं नाही. "यापुढे फार धरून चालू नका," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं बायकोला सांगितलं, "माल कालव."

तिनं हात पुसले आणि जवळ आली.

"एक घमेलं. बस."

तिनं टीव्ही खिळ्यावरून काढून खाली ठेवला. भिंतीला पाणी मारलं. मांजराला हाकललं आणि वाळू चाळली. सिमेंट मिसळलं, ओंजळीनं पाणी घातलं, फावड्यानं चार वेळा उलटलं. खुर्ची भिंतीजवळ सरकवली. त्यानं पट्टा स्वतःहून पुढे केला. तिनं बांधला. थापी त्याच्या मुठीत बसवली आणि सुटू नये म्हणून बोटांवरून चिंधी गुंडाळली. थापीवर तिनंच माल ठेवला.

हात उठला. फेकणं कुठलं, त्यानं तो माल भिंतीला नुसता टेकवला आणि दाबला. अर्धा खाली पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा माल जमिनीवर पडला. ती गोळा करायला वाकली तर तो म्हणाला, "राहू दे. दुसरा." दुसरा. तिसरा. पाठ खुर्चीला टेकलेली, कंबर पट्ट्यानं अडवलेली, आणि जो काही होता तो हात. तासाभरानं विटांवर ताटाएवढा एक गोळा चिकटला होता, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर. वर एक खोल वळ, थापीच्या धारेचा.

"ओळंबा लाव," तो म्हणाला.

"कशाला?"

"लाव."

तिनं त्याच्या खिशातून ओळंबा काढला आणि सोडला. दोरी गोळ्याच्या पोटाला टेकली आणि खाली विटांपासून बोटभर लांब लोंबत राहिली. त्यानं बघितलं. त्याचा श्वास अजून लागलेला होता.

"खरवड," तो म्हणाला.

तिनं त्याच्या मुठीवरची चिंधी सोडली. थापी काढून घेतली. घमेल्यातल्या पाण्यात ती धुतली, पदराला पुसली, आणि आत नेऊन ठेवली. मग तांदळाचं सूप घेऊन बाहेर आली, त्या गोळ्याला पाठ लागणार नाही इतकं अंतर सोडून भिंतीपुढे जमिनीवर बसली, आणि खडे वेचू लागली.

"ऐकू आलं नाही? आवळेल तो."

"आवळू दे."

"वाकडा आहे."

"दिसतंय मला."

"अगं, मी सांगतोय."

"तीस वर्षं तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. वर पाहिलं नाही. "मला पट्टी सोडायला सांगितलीत तेव्हा मी ऐकलं नाही. ट्रंकेत ठेवू नये ते ठेवलं. आता एवढं एक मला ठेवू द्या."

तो पट्ट्यात बांधलेला होता, उठू शकत नव्हता. डावा हात पाठीमागे नेऊन चिकटपट्टी चाचपली, मग तो हातही मांडीवर आणून ठेवला. ती खडे वेचत राहिली. तांदूळ एकदा झाले, तिनं परत सुरुवातीपासून घेतले. ऊन उंबऱ्यावरून सरकत खुर्चीच्या पायापाशी आलं आणि तिथून गेलं. दुपार कलल्यावर तिनं हात मागे नेला आणि नखानं गोळ्यावर टकटक केली. कोरडा आवाज आला.

"आवळला?" त्यानं विचारलं.

"आवळला."

त्यानं डोळे मिटले. ती उठली, पट्टा सोडला, आणि तो सुटल्यावरही बराच वेळ तसाच टेकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं टीव्ही विरुद्ध बाजूच्या भिंतीवर लावून घेतला. त्या गोळ्याकडे पाठ करून तो आता खिडकी पुसतो. उरलेल्या विटा तशाच आहेत. लेकीनं विचारलं होतं, कुणाला तरी बोलावून भिंत पुरी करायची का. दोघंही एकदमच नको म्हणाले. वाळू कुणीतरी मागितली, देऊन टाकली.

रोज सकाळी चहा झाला की तो खुर्चीत बसतो आणि पट्टा डाव्या हातानं पुढे धरतो. "बांध," म्हणतो. ती मागे जाऊन बांधते. चिकटपट्टी आता एकदाच लावावी लागते. बांधून झालं की ती क्षणभर तिथेच उभी राहते, त्याच्या पाठीमागे, त्या गोळ्याकडे तोंड करून. समोर टीव्हीवर काचेवर वाफ साचलेली असते. ती जरा पुसली जाते, आणि वेळ संपतो.